दारातला ढाळ

आमच्या घराच्या दारात सासूबाई पडल्या, ती जागा मी रोज ओलांडते. २०२१ चा जुलै. भुरभुर चालू होती, वडगावच्या बाजारातून भाजी घेऊन त्या रिक्षातून उतरल्या आणि फाटकातून आत येताना रॅम्पवरून घसरल्या. मी आतून धावत गेले तर त्या शांतपणे म्हणाल्या, "मी पडलो गे. उचलू नको, कंबरेत काय तरी मोडलंय." खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, तीन महिने अंथरुणावर गेले, मग वॉकर आला. आणि वॉकर आल्यावर कळलं, की त्यांना स्वतःच्या घरातून बाहेर पडायला वाटच नाही.

त्यानंतर वर्षभरात मी जे शिकले, मोजलं, फोडलं आणि पुन्हा बांधलं, ते सगळं लिहून ठेवते आहे. आमच्या भागात घर बांधणारा प्रत्येक जण स्वयंपाकघराच्या ओट्यावर महिनाभर चर्चा करतो. फाटकापासून दारापर्यंतची वीस-बावीस फूट जागा मात्र काम संपत आल्यावर, पैसे संपत आल्यावर, गवंड्यावर सोडून देतो. आम्हीही तेच केलं होतं.

आमचा लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून झालेली वसाहत, बेळगावात वडगाव-येळ्ळूरच्या बाजूला. पूर्वी इथं भाताची शेतं होती. शहापूर, वडगाव, येळ्ळूर या पट्ट्यातला बासमती पिकायचा, तीच ही जमीन. माती काळी. भिजली की फुगते, वाळली की आकसते. एप्रिलमध्ये मोकळ्या प्लॉटवर हात कोपरापर्यंत जाईल एवढ्या भेगा पडतात. जवळच बळ्ळारी नाला. चाळीस बाय साठचा प्लॉट, समोर नऊ मीटरचा रस्ता, रस्त्याकडेला दीड फूट रुंद, दीड फूट खोल गटार. २०१६ मध्ये घर बांधलं तेव्हा सगळ्यांनी एकच सल्ला दिला, जोतं उंच घ्या. आम्ही रस्त्यापासून दोन फूट घेतलं. पोर्चसुद्धा त्याच पातळीला, म्हणजे गाडी थेट घराच्या दाराशी.

आता हिशोब बघा. कंपाउंडच्या भिंतीपासून घराच्या भिंतीपर्यंत बावीस फूट. त्यात चौदा फूट पोर्च. उरले आठ फूट. आठ फुटांत दोन फूट चढायचं तर गाडी चढणार नाही, म्हणून मेस्त्रींनी रॅम्प भिंतीच्या बाहेर चार फूट काढला, गटार ओलांडून थेट डांबरापर्यंत. एकूण बारा फुटांत दोन फूट, म्हणजे एकास सहा. वर चकचकीत टाइल्स, कारण पोर्चला त्याच होत्या आणि दोन बॉक्स उरले होते. गटाराचं पाणी जाण्यासाठी रॅम्पखाली सहा इंची पाइप टाकला.

त्या पाइपाची गोष्ट आधी सांगते, कारण ती मला जास्त लागून राहिली आहे.

२०१९ चा ऑगस्ट बेळगाव जिल्ह्यात कुणी विसरणार नाही. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकदमच वाढल्या, शहरात नाल्याचं पाणी वस्त्यांत शिरलं. आमच्या गल्लीत नाल्याचं पाणी आलं नव्हतं, तरी आमच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या काकांच्या घरात गुडघाभर पाणी झालं. त्यांचं घर जुनं, जोतं फुटभरच. आम्ही सगळ्यांनी पाऊसच तसा झाला म्हणून सोडून दिलं. पुढं दोन वर्षांनी, रॅम्प फोडायचा विषय निघाला तेव्हा, मी पहिल्यांदा कागदावर आकडे मांडले. गटाराचं तोंड अठरा बाय अठरा, म्हणजे ३२४ चौरस इंच. सहा इंची पाइपाचं तोंड जेमतेम २८ चौरस इंच. पाण्याची वाट आम्ही अकरा पटींहून जास्त आवळली होती. त्यात पाला आणि प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्या की उरलेलंही बंद. गटार तुंबलं ते आमच्या दारात आणि पाणी मागं हटलं ते काकांच्या घरात. मी जाऊन त्यांना हे सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "खालच्या अंगाला माझाबी रॅम्प तसलाच हाय की." खरंच होतं. अडतीस घरांच्या लेआउटमध्ये एकतीस रॅम्प भिंतीबाहेर होते. मी चालत जाऊन मोजले.

माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, जांबोटीच्या बाजूचं. तिथं पाऊस म्हणजे पाऊस. मिरग निघायच्या आधी बाबा अंगण उकरून, धुम्मस करून, चोपून घ्यायचे आणि मग कळशीभर पाणी उंबऱ्याजवळ ओतायचे. पाणी कुठं जातं, कुठं थांबतं ते उकिडवे बसून बघायचे. जिथं थांबलं तिथं पुन्हा माती. उंबऱ्यापासून गोठ्यापर्यंत चिऱ्यांची पायवाट होती, ती अंगणापेक्षा चार बोटं वर. आजी अंधारातही त्या वाटेनं जायची. बाबा शाळेत चौथीच्या पुढं गेले नव्हते. पण घराभोवतीच्या पाण्याला आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वेगवेगळी वाट लागते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

काम काढायचं ठरल्यावर ह्यांच्या ओळखीच्या एका आर्किटेक्टकडे गेलो. तरुण मुलगी, तिनं प्लॅन बघण्याआधी मला विचारलं, "आजी वॉकर घेऊन किती पावलं चालतात?" मग तिनं दोन गोष्टी वेगळ्या केल्या, ज्या आमच्या डोक्यात कायम एकच होत्या: गाडीची वाट आणि माणसाची वाट. गाडीला एकास आठचा चढ चालतो. माणसाला, त्यातही वॉकर किंवा चाकाची खुर्ची असेल तर, एकास बारापेक्षा उभा चढ नको. एक इंच चढायला बारा इंच लांबी. राष्ट्रीय इमारत संहितेत आणि केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांत हेच प्रमाण आहे. रुंदी किमान १२०० मिलिमीटर, म्हणजे चार फुटांना जरा कमी. वळणावर आणि दारासमोर दीड मीटर सपाट जागा, खुर्ची फिरवायला. आणि एकास वीस किंवा त्याहून सौम्य उतार असेल तर त्याला रॅम्प म्हणायचंच नाही, ती साधी पायवाट.

हे नियम सार्वजनिक इमारतींसाठी आहेत, घराला कोण विचारतो, असं मला दोघातिघांनी सांगितलं. पण सासूबाईंच्या खुब्याला इमारत सार्वजनिक की खाजगी हे काय कळणार?

मग आम्ही जमिनीवर चुन्यानं रेघा मारून सगळं बसवलं. जोतं तसंच ठेवायचं. पोर्च मात्र सोळा इंच खाली घ्यायचा, म्हणजे तो रस्त्यापासून फक्त आठ इंच वर राहील. भिंतीच्या आतल्या आठ फुटांत आठ इंच चढ गाडीला सहज मिळतो आणि भिंतीबाहेरचे चार फूट पूर्ण मोकळे होतात. पोर्चमधून घरात जायला तीन पायऱ्या. सासूबाईंसाठी पूर्वेच्या बाजूनं वेगळी वाट: लहान फाटकातून आत आलं की पहिले तेरा-साडेतेरा फूट एकास वीसचा चढ, तिथं आठ इंच वर. पुढं सोळा फुटांचा एकास बाराचा रॅम्प, उरलेले सोळा इंच चढून हॉलच्या पूर्वेच्या खिडकीशी. ती खिडकी काढून दार बसवलं. बाजूची जागा पाच फूट होती, चार फूट वाट सोडून उरलेल्या फुटात पावसाच्या पाण्याची चर.

पोर्च फोडायचा म्हटल्यावर घरात एक दिवस अबोला होता. टाइल्स पाच वर्षांच्याच होत्या. ह्यांनी शेवटी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "फोडा की. मला तुळशीपर्यंत जायचंय."

मेस्त्री बैलहोंगलचे, कन्नड बोलणारे. मराठी समजतं, बोलतात मोडकं. २०२२ च्या फेब्रुवारीत त्यांनी काम धरलं. सुरुवात लेव्हल पाइपानं केली. पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक रस्त्याच्या कडेला, एक उंबऱ्यावर. भिंतींवर निळ्या खुणा झाल्या. सगळ्या कामात मी त्या खुणांना धरून राहिले. लेसरची यंत्रं आता मिळतात, पण पाणी खोटं बोलत नाही. मेस्त्री दर तासाला एकच वाक्य म्हणायचे, "नीरु होगबेकु, अक्का." पाणी गेलं पाहिजे.

सगळ्यात जास्त वेळ मातीनं खाल्ला. आमच्या जुन्या रॅम्पला आणि शेजारच्या काँक्रीटच्या ड्राइव्हवेला पडलेल्या भेगा सिमेंट कमी पडल्यामुळं नव्हत्या, खालच्या काळ्या मातीमुळं होत्या. ही माती पावसात वर ढकलते आणि उन्हाळ्यात खालून आधार काढून घेते. म्हणून दोन फूट काळी माती उपसून बाहेर काढली. त्या जागी तांबडा मुरूम, तोही एकदम ओतून नाही. सहा इंचांचा थर, पाणी मारायचं, माती दाबणारी कंपन प्लेट फिरवायची, कडेला जिथं प्लेट जात नाही तिथं हातानं धुम्मस. मग पुढचा थर. त्यावर चार इंच खडी. ट्रॅक्टरवाल्यानं एका दिवसात भरून देतो म्हटलं होतं, आम्ही सहा दिवस घेतले. आज तीन पावसाळे होऊन गेल्यावर वर बसवलेले पेव्हर ब्लॉक जागचे हललेले नाहीत, त्याचं कारण ते सहा दिवस आहेत.

ब्लॉकच्या बाबतीत एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा. पेव्हर विकणारे रंग दाखवतात, जाडी विचारावी लागते. आय.एस. १५६५८ या भारतीय मानकाप्रमाणे ५० मिलिमीटरचे, एम-३० प्रतीचे (ही काँक्रीटच्या ताकदीची प्रत) ब्लॉक फक्त चालण्याच्या जागेसाठी. घरगुती गाड्यांना ६० मिलिमीटर, एम-३५. त्यापेक्षा जास्त वर्दळीला ८० मिलिमीटर, एम-४०. आम्हाला पहिल्यांदा दाखवले ते ५० चे होते, 'कारला चालतंय की' म्हणून. आम्ही ८० घेतले, कारण उन्हाळ्यात पाण्याचा टँकर फाटकातून आत येतो. मांडणी माशाच्या काट्यासारखी तिरकी. चाकाचा रेटा आला की ब्लॉक एकमेकांना धरून राहतात, सरळ ओळीत मांडले तर सरकतात. खाली इंचभर जाड वाळू, सांध्यांत बारीक वाळू. आणि चारी बाजूंनी काँक्रीटची कड, नाही तर सगळी मांडणी हळूहळू पसरत जाते.

गाडीच्या चढाच्या दोन्ही टोकांना दोन-दोन फूट चढ निम्मा ठेवला. लहान गाड्यांची पोटं जमिनीपासून साडेसहा-सात इंचांवर असतात. चढ एकदम सुरू झाला किंवा एकदम संपला की तिथंच घासतात. त्यामुळं मधल्या चार फुटांत चढ एकास आठ झाला, तो गाडीला जड नाही.

फाटकाचं मात्र आधी कुणाच्याच लक्षात आलं नाही. आत उघडणारं फाटक करायचं तर अडचण. जमीन आत चढत गेली की फाटकाची खालची कड तिला अडणार. बाहेर उघडणारं करायचं तर ते रस्त्यावरच्या माणसाच्या अंगावर. शेवटी सरकतं केलं. त्याच्या रुळात खडे अडकतात, आठवड्याला झाडावं लागतं, ते काम माझं. आतल्या बाजूला फाटकालगत आडवी चर आणि वर लोखंडी जाळी, म्हणजे पोर्चवर पडलेलं पाणी रस्त्यावर जाण्याआधी तिथं उतरतं आणि आमच्या शोषखड्ड्याकडं वळतं.

सासूबाईंच्या वाटेवर काय घालायचं यावर बराच विचार झाला. शहाबादी फरशी सगळे सुचवत होते. मला ती आवडते, पण पूर्वेची बाजू सावलीची आणि आमच्याकडं जूनपासून सप्टेंबरपर्यंत सावलीत हिरवं शेवाळ धरतं. आर्किटेक्टनं साधं काँक्रीट सुचवलं, ओलं असतानाच खराट्यानं आडव्या रेघा ओढलेलं. स्वस्त आणि ओल्या पायाला धरणारं. आडवा ढाळ पन्नासास एक, चार फुटांत जेमतेम एक इंच. त्याहून जास्त दिला तर वॉकर एका अंगाला ओढतो. दोन्ही बाजूंना ९०० मिलिमीटर उंचीचा कठडा, उतार जिथं संपतो त्याच्या पुढं आणखी ३०० मिलिमीटर वाढवलेला. हे वाढवलेलं टोक मला आधी उगीचचं वाटलं होतं. सासूबाई पहिल्यांदा चालत आल्या तेव्हा दिसलं, की सपाट जागेवर आल्यावर पहिली दोन पावलं टाकतानाच त्यांना हाताला आधार लागतो.

सगळं झाल्यावर मी उंबऱ्यापासून कळशी ओतली. पोर्चच्या डाव्या कोपऱ्यात पाणी थांबलं, रुपयाएवढं नाही, ताटाएवढं. मेस्त्रींनी काही न बोलता बारा ब्लॉक उचलले आणि वाळू सारखी केली.

एकूण खर्च १ लाख ४० हजारांच्या आसपास आला. २०१६ मध्येच पोर्च खाली घेतला असता तर यातलं बरंचसं लागलंच नसतं.

पण आमचा रॅम्प मागं सरकला आणि गटार उघडं झालं, तेवढ्यानं गल्ली सुधारत नाही. आमच्या दारासमोरचे चार फूट मोकळे, शेजारच्या दारात पुन्हा अडथळा. चालणारा माणूस प्रत्येक रॅम्पला वळसा घालून डांबरावर उतरतो, तिथंच दुचाकी येतात. सकाळी शाळेची मुलं, संध्याकाळी फिरायला निघालेली म्हातारी माणसं, सगळी रस्त्याच्या मधून. म्हणून काकांनी आणि मी गणपतीच्या मांडवात, आरतीनंतर, हा विषय काढला.

सहज झालं नाही. "तुमच्या आत्तीसाठी आम्ही आमचे रॅम्प फोडू काय?" असं एकानं तोंडावर विचारलं. वाईट वाटलं, पण त्यांचीही अडचण खरी होती. त्यांचं घर कंपाउंडपासून सहा फुटांवरच आहे, आत चढायला जागाच नाही. तीन बैठका झाल्या. महापालिकेच्या कार्यालयातून गटाराच्या कामाची माहिती काढायची होती, अर्ज कन्नडमध्ये लागतो. तो कॉलेजात शिकणाऱ्या शेजारच्या मुलीनं लिहून दिला. शेवटी एक पान ठरलं, एका बाजूला मराठी, मागं कन्नड, कारण लेआउटमध्ये दोन्ही बोलणारी घरं आहेत.

त्या पानावर काय आहे ते सांगते. नवीन किंवा दुरुस्त होणारा प्रत्येक रॅम्प भिंतीच्या आत. गटारात पाइप नाही. पूर्ण रुंदीची सुटी काँक्रीटची झाकणं, कड्या असलेली, दोन माणसांना उचलता येतील अशी, म्हणजे मे महिन्यात गाळ काढता येतो. झाकणाची रुंदी फाटकाएवढीच, बाकीचं गटार जाळीनं. फाटकाच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा फूट भिंत तीन फुटांपेक्षा उंच नको, वर हवी तर जाळी लावा, कारण गाडी मागं घेताना सायकलवरचं पोर दिसलं पाहिजे. आणि ज्यासाठी मी सगळ्यात जास्त भांडले ते हे: डांबर आणि भिंत यांच्यामधल्या पट्ट्यातून जी पायवाट करायची, ती प्रत्येक फाटकासमोर सलग आणि एकाच पातळीत राहील. चढ-उतार गाडीनं करायचा, चालणाऱ्यानं नाही.

फुटपाथ किमान १.८ मीटर मोकळा असावा, कड १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावी, असं रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. आमच्या पट्ट्यात तेवढी रुंदी सगळीकडं मिळत नाही, काही ठिकाणी सव्वा मीटरच आहे. तरी सलग सव्वा मीटरवरून वॉकर जातो. तुकड्या-तुकड्यांच्या दोन मीटरवरून जात नाही.

ज्यांच्या घरापुढं सहाच फूट जागा होती, त्यांच्याकडं गाडी आता बाहेरच्या पातळीला, जवळपास रस्त्याबरोबर उभी राहते आणि घरात जायला बाजूनं पायऱ्या. त्यांनीच पुढं आणखी दोघांना तयार केलं. आजवर अडतीसपैकी एकवीस घरांनी रॅम्प आत घेतले आहेत. गेल्या जुलैत तीन दिवस झड लागली होती, तेव्हा काकांनी रात्री दहाला फोन केला. मला धस्स झालं. ते म्हणाले, "काय न्हाई, गटारातनं पाणी पळालंय. आवाज ऐकवायला फोन केलो." आणि त्यांनी फोन खिडकीबाहेर धरला.

सासूबाई आता रोज संध्याकाळी वॉकर घेऊन पूर्वेच्या वाटेनं उतरतात, तुळशीपाशी दिवा लावतात आणि लहान फाटकातून बाहेर पडून सात घरं ओलांडून मारुतीच्या देवळापर्यंत जातात. आठव्या घराचा रॅम्प अजून बाहेर आहे, पण देऊळ त्याच्या अलीकडं आहे. त्या घरातल्या वैनी परवा सासूबाईंबरोबर चालत आल्या, आमची वाट निरखून बघितली, कठडा हलवून बघितला आणि खराट्याच्या रेघांवरून पाय घासून बघितला. मला म्हणाल्या, "मेस्त्रींचा नंबर दे गे." सोमवारी मेस्त्री त्यांच्याकडं लेव्हल पाइप घेऊन येणार आहेत. कळशी मी घेऊन जाईन म्हटलंय.